पहिल्या पाळीची डे-लिली

झाडाच्या पाटीवर 'बारमाही फुलणारी' हे शब्द पहिल्यांदा ज्याने लिहिले, तो माणूस मला एकदा तरी भेटायला हवा होता. सत्तावीस वर्षं कारध्याला नर्सरी चालवली. त्यात या दोन शब्दांनी जेवढा मनस्ताप दिला तेवढा किडीने दिला नाही, उन्हाळ्याने दिला नाही, आणि दोनदा अंगणात शिरून गेलेल्या वैनगंगेनेही दिला नाही. या अंकाच्या संपादकांनी 'फुलांच्या सहवासातले आनंदाचे क्षण' लिहून पाठवा असं कळवलं आहे. आनंदाचे क्षण असतील तर ते ओघात येतील. आधी मला भांडायचं आहे.

ज्यांना डे-लिली माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लांब पात्यांचा एक झुपका असतो. त्याच्या मधून हातभर दांडा वर येतो आणि दांड्याच्या टोकाला दहा-पंधरा कळ्या असतात. रोज एक-दोन कळ्या उमलतात आणि त्याच दिवशी मावळतात. एका फुलाला एकच दिवस. दांड्यावरच्या कळ्या संपल्या की बहर संपला, आणि बहुतेक जाती तेवढ्यावर वर्षभराचं काम उरकून मोकळ्या होतात. काही जाती मात्र थोडी विश्रांती घेऊन पुन्हा दांडा काढतात, एखादी तिसऱ्यांदाही काढते. त्या पुन्हा फुलणाऱ्या जाती. पुन्हा फुलणारी म्हणजे बारा महिने फुलणारी नव्हे, हे सांगून सांगून माझा घसा बसला. गिऱ्हाईक शांतपणे ऐकून घ्यायचं आणि जाताना विचारायचं, "म्हणजे रोज पूजेले फूल भेटेल ना?"

भेटेल की! जास्वंद घे, तगर घे, माझ्या लिलीच्या मागे का लागतोस?

दुसरा वैताग पार्सलचा. मोबाईलवर फोटो पाहायचा, घरपोच मागवायचं, आणि सहा महिन्यांनी ते झाड घेऊन माझ्याकडे यायचं. भंडाऱ्यातले एक निवृत्त साहेब निळ्या डे-लिलीचं बी मागवून बसले होते. मी म्हटलं, साहेब, निळी डे-लिली जगात नाही. साहेब म्हणाले, फोटो आहे. त्या फोटोपुढे माझं काही चाललं नाही. वर त्यांनी अंगणभर सिमेंटचे गट्टू बसवून घेतलेले, आणि गट्टूंच्या फटीत ही निळी लिली लावायची होती. शेवटी उगवलं ते साधं गवत. त्याला ते चार महिने पाणी घालत होते.

त्याहून फसव्या असतात थंड, डोंगराळ मुलखातून येणाऱ्या जाती. त्यांना हिवाळ्यात पानं टाकून गाढ झोपायची सवय असते, आणि आमच्याकडची थंडी त्यांना डुलकीपुरतीही पुरत नाही. झोप न झालेलं झाड फुलत नाही, नुसती पाती वाढवत बसतं. मी त्यांना 'झोपणाऱ्या' म्हणायची आणि हिवाळ्यातही हिरव्या राहणाऱ्या जातींना 'जाग्या'. आमच्या उन्हाच्या मुलखात जागीच घ्यावी. पण पाटीवर हे कोणी लिहीत नाही. पाटीवर लिहितात 'बारमाही'.

म्हणून मी पाटीवर विश्वास ठेवणं सोडलं होतं. नवी जात आली की नर्सरीच्या मागच्या पट्ट्यात लावायची आणि तीन उन्हाळे पाहायची. रोज सकाळी आठला वही घेऊन ओळीतून फिरायचं, कुठल्या झाडावर किती फुलं, फूल कसं उमललंय, दांडा पुन्हा कधी आला, सगळं टिपायचं. तीन उन्हाळे पास झालेलीच जात विकायची. चौदा वर्षं हे चाललं. भंडारा जिल्ह्यात इतकी मेहनत घेऊन लिली निवडणारी मीच एकटी, अशी माझी समजूत होती आणि ती मी कोणापासून लपवलीही नाही.

गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायलाही मी उशिराच शिकले. पवनीकडच्या आसगावचे एक शेतकरी वीस रोपं घेऊन गेले आणि महिन्याभरात सडलेल्या मुळ्या घेऊन परत आले. पिढ्यान् पिढ्या धान लावणारा माणूस. त्यांनी घरामागे छोटी बांधी, म्हणजे धानाचा वाफा, बांधली, चिखल केला, रोवणी करतात तशी तीन-तीन रोपं बोटांनी चिखलात दाबली आणि वर चार बोटं पाणी भरून ठेवलं. रोवणीच्या बाया होत्या, ओळ अगदी सरळ आली म्हणे.

मी तोंडाला येईल ते बोलले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पन मॅडम, पात तं धानासारखीच हाये. धानाले चालते तं इले काहून नाही चालत?"

तेव्हापासून रोप देण्याआधी मी विचारू लागले. माती कोणती, पाणी साचतं का, ऊन किती तास येतं. एवढं विचारलं म्हणजे सगळं विचारून झालं असं मला वाटे.

असं वाटत असतानाच चिखल्याच्या इंदूबाई आल्या. चिखला म्हणजे मँगनीजच्या खाणीचं गाव. तिथून तुमसर, तुमसरहून भंडारा, आणि पूल ओलांडून कारधा, अशा गाड्या बदलत ही बाई आली होती. नवरा देवराव खाणीत खाली, पंपावर कामाला. कंपनीचं क्वार्टर, त्यापुढे खाटेएवढं अंगण. मी माती विचारली, पाणी विचारलं, ऊन विचारलं. इंदूबाईंनी सगळ्याची नीट उत्तरं दिली आणि गर्द लाल लिलीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"संजूच्या बाबाले लाल रंग लय आवडते जी. हेच द्या."

माझ्या वहीत ती लाल पहिल्या नंबरावर होती. वर्षाला तीन बहर, सकाळी आठला फूल असं टवटवीत की नजर हटू नये. मी पाच गड्डे दिले, कसं लावायचं ते सांगितलं. फाटकाशी लावीन म्हणाल्या, म्हणजे आल्या आल्या दिसेल. मी मान डोलावली.

दीड वर्षाने, एप्रिलच्या भर उन्हात, त्या परत आल्या. पिशवीतून स्टीलचा डबा काढून त्यांनी माझ्यासमोर उघडला. आत काळपट, चिकट असं काहीतरी होतं.

"हे काय आनलं?"

"तुमची लिली जी."

माझं टाळकं सरकलं. "फुलली का नाही?"

"फुलली."

"किती डाव?"

"तीन डाव. चैतात, मंग पान्यापावसात, मंग दिवाळीच्या आगोदर. आता अजून फुलून राहिली."

"मंग तक्रार कायची घेऊन आल्या?"

"त्यायनं एकडावबी पायली नाही."

मला आधी कळेचना. मग इंदूबाईंनी सावकाश सांगितलं. देवरावांची कायमची पहिली पाळी. ते घरून निघतात तेव्हा उजाडलेलं नसतं, कळ्या मिटलेल्या असतात. दोनला पाळी सुटते, अंघोळ वगैरे करून घरी यायला अडीच-तीन. तोवर फाटकाजवळच्या उन्हात लाल फुलाची अशी चिंधी झालेली असते. जाताना कळी, येताना चिंधी. दीड वर्षात एक फूल त्यांच्या नजरेला पडलेलं नाही.

"सुटीच्या दिवशी?"

"सुटीच्या दिवशी पयल्या गाडीनं गावाले जातेत. म्हातारी हाये, बांधी हाये."

"मंग एक दिवस रजा घ्या म्हना. झाडाले काय खानीचा भोंगा ऐकू येते?"

हे मी बोलले. शब्द न् शब्द आठवतो. इंदूबाईंनी डब्याचं झाकण लावलं.

"रजा माह्या आपरेशनात सरल्या जी. मे मयन्यात रिटायर होऊन राहिले ते. कॉटर सोडाव लागते. गावच्या घराले आंगन नाही, भावायच्या वाटन्यात गेलं. हे आंगन हाये तवर एकडाव पाहू द्याव म्हनलं." मग डबा पिशवीत ठेवत म्हणाल्या, "तुमाले इचारलं. राग नोका मानू."

आणि गेल्या. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

राग आला होता तो त्यांचाच, हे कबूल करते. तीनदा फुलवून दाखवलं तरी लोकांचं समाधान नाही, असं चार जणांपुढे बोललेही. पण डबा काही डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी जेवून आडवी झाले, झोप लागली नाही, आणि तीनच्या सुमारास डोक्याला ओढणी गुंडाळून मागच्या पट्ट्यात गेले.

चौदा वर्षांत मी त्या वेळी तिथे कधी गेले नव्हते. कोण जाईल? आमच्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. मी आठला वही घेऊन फिरायची, अकराला आत यायची आणि पाचला पाणी घालायला बाहेर पडायची. पाचपर्यंत बहुतेक फुलं मावळलेली असायची, त्यात मला नवल वाटायचं नाही; एखादं उभं असलं तरी तेव्हा वही हातात नसायची. कुठलं फूल बाराला गेलं आणि कुठलं चारला, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या दुपारी पाहिलं. पहिल्या नंबरची लाल लोळागोळा होऊन दांड्याला चिकटली होती. जांभळ्या होत्या त्या त्याहून वाईट. माझ्या वहीतल्या पहिल्या दहांपैकी एकही तोंड दाखवायच्या लायकीची उरली नव्हती. मी गिऱ्हाइकांना छातीठोकपणे विकलेला अख्खा पट्टा दुपारी तीनला चिंध्यांचा होता.

आणि पाण्याच्या टाकीजवळ एक फिकट पिवळी ताठ उभी होती.

तिला मी ओळखतच नव्हते म्हटलं तरी चालेल. नाव नव्हतं, कुठल्यातरी लॉटमध्ये आली होती. माझ्या वहीत तिच्यापुढे दर वर्षी एकच शेरा: नीट उमलत नाही. बरोबरच होतं! सकाळी आठला ती अर्धवट मिटलेलीच असायची. पुढचे आठ दिवस मी तिच्यावर पाळत ठेवली. ती उठायचीच दहाला. पण एकदा उठली की सूर्य बुडेपर्यंत मान खाली घालत नव्हती. पुन्हा फुलण्यातही ती लालच्या मागे नव्हती, तसं माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. मी तिला आळशी ठरवून टाकीमागे ढकलली होती आणि कोणी जास्त रोपं घेतली तर एखादा फुटवा वर फुकट द्यायची.

पाटीवाल्यांना मी आयुष्यभर खोटारडे म्हणत आले. माझी वही तरी काय वेगळी होती? घरी सकाळी निवांत बसणाऱ्यांसाठी, माझ्यासारख्यांसाठीच ती लिहिलेली होती. दुपारी घरी येणारा माणूस तिच्यात कुठे नव्हताच. हा राग कोणावर काढायचा ते मला कळेना, म्हणून मी वही आपटली आणि घमेलं शोधायला गेले.

पिवळीचा पहिला बहर संपून दुसरा दांडा नुकताच वर येत होता. कळ्यांवर आलेलं झाड हलवायचं नाही, आणि मे महिन्यात तर हातही लावायचा नाही, हे मी शेकडो लोकांना दटावून सांगितलेलं. आता तेच करायचं होतं. फुटवे वेगळे केले नाहीत. भोवती खोल खणून अख्खा गड्डा मातीसकट उचलला, ओल्या बारदानात बांधला आणि घमेल्यात ठेवला. दांड्याला नऊ कळ्या होत्या. एसटीत घमेलं मांडीवर घेऊन बसले. वाहक खाली ठेवा म्हणाला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की पुन्हा त्याने विषय काढला नाही.

मला दारात बघून इंदूबाई गांगरल्याच. "मॅडम, तुमी कायले आल्या एवढ्या उन्हात?"

"चूक दुरुस्त कराले," मी म्हटलं, पण तेही चढ्या आवाजातच निघालं. माफी मागायची सवय नसली की असं होतं.

फाटकाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. फाटक पश्चिमेला. दुपारचं सगळं ऊन त्या लाल झाडांच्या डोक्यावर, पात्यांवर खाणीची काळपट धूळ. मी ऊन किती तास ते विचारलं होतं, कुठल्या बाजूचं ते विचारलं नव्हतं. पिवळी आम्ही क्वार्टरच्या मागे, पूर्वेच्या भिंतीलगत लावली. बारानंतर तिथे भिंतीची सावली पडते आणि स्वयंपाकघराचं दार समोरच उघडतं. रोज सकाळी पाणी द्या, पात्यांची धूळ पुसा, फूल मावळलं की खुडा, बी धरू देऊ नका, सगळं सांगितलं. कळ्या राहतील का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांगता येत नाही. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाला हे उत्तर मी पहिल्यांदा दिलं.

नंतर फोन सुरू झाले. "दोन गळल्या जी." दुसऱ्या दिवशी, "अजून एक गेली." मग नवतपा लागला. त्या नऊ दिवसांत आमच्याकडे सूर्य काय करतो ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. "आज दोन पिवळ्या पडून गळल्या." मी फोनवर त्यांच्यावर ओरडायची, पाणी कमी दिलं म्हणून, मग जास्त दिलं म्हणून. त्या बिचाऱ्या हो जी, हो जी म्हणायच्या. देवरावांच्या नोकरीचा आठवडा उरला होता आणि नऊपैकी चार कळ्या उरल्या होत्या. मग तीन. आपण एका माणसाचं शेवटचं अंगण चुकीच्या फुलावर घालवलं, हे मला जेवताना आठवायचं आणि मी अर्ध्या ताटावरून उठायची.

मे अखेरीच्या आदल्या संध्याकाळी फोन आला. "एक फुगली जी. उद्या उघडते वाटते. उद्याच त्यायची शेवटची पाळी हाये."

मी पहिल्या गाडीने निघाले. पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते आणि कळी मिटलेलीच होती. सामान निम्मं बांधून झालेलं, भिंतींवर तसबिरींच्या जागा पांढऱ्या दिसत होत्या. इंदूबाई आणि मी मागच्या दारात बसून राहिलो. दहा वाजले, काही नाही. साडेदहा. मी मनातल्या मनात त्या झाडाला शिव्या घातल्या. अकराच्या आत तिने एक पाकळी सोडली, मग दुसरी, आणि पाहता पाहता ओंजळीएवढं फूल झालं. इंदूबाईंनी माझा हात घट्ट धरला. मीही सोडवून घेतला नाही.

पुढचे चार तास मी ऊन मोजत काढले. एकला फूल होतं. दोनला होतं. अडीचला कडा किंचित वळल्या, पण ते तेवढ्यावरच थांबलं.

तीनला देवराव आले. उंच, वाळलेला माणूस. कामावर निरोप झाला होता, पिशवीतून झेंडूचा हार डोकावत होता. फाटकातल्या लालच्या झुपक्यांजवळून ते सवयीने न बघता आत आले. इंदूबाई नुसत्या मागच्या दारातून बाजूला झाल्या.

ते दारात उभे राहिले.

"हे आजचंच हाय?"

"आजचंच," मी म्हटलं.

मग मला राहवलं नाही. मी सुरू झाले. ही जात कशी वेगळी, पुन्हा कशी फुलते, मी चौदा वर्षं वही कशी ठेवली, रोज सकाळी आठला कशी मोजणी केली, सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नजर फुलावरच होती.

"चौदा वर्सं," ते म्हणाले. "अन् दुपारी कोनीच नाही पायलं?"

"नाही."

"दुपारी तुमी काय करता?"

"झोपते," मी म्हटलं.

ते हसले. टोमणा नव्हता त्यात, पण मला कुठे बघावं ते कळेना. घरात बांधायची राहिलेली एकच खुर्ची होती. देवरावांनी ती उचलली, फुलासमोर सावलीत मांडली आणि बूट न काढता तिच्यावर बसले. इंदूबाई त्यांच्याजवळ उंबऱ्यावर टेकल्या. ऊन उतरू लागलं तरी दोघं तसेच बसून होते. मला बसा म्हणायचं दोघांनाही सुचलं नाही, आणि मला त्याचा राग आला नाही.